घरच्या खोलीत तैलरंगांतील निसर्गचित्र : वऱ्हाडातल्या गावात राहून शिकणाऱ्यांसाठी

परतवाड्याच्या आसपासच्या एखाद्या गावाबाहेर पांदणीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की कपाशीच्या वावरांपलीकडे सातपुड्याची गाविलगड रांग आडवी पसरलेली दिसते. मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी साडेसात-आठच्या सुमारास ती रांग निळसर करडी असते, तिच्या पायथ्याशी धुके आणि चुलींचा धूर साचलेला असतो आणि धुऱ्यावरच्या बाभळींना उजव्या अंगाने ऊन लागलेले असते. दहा वाजेपर्यंत यातले फारसे काही उरत नाही. सावल्या आखडतात, डोंगर फिका पडतो आणि सगळे वावर एकसारखे उजळून जाते. उन्हाळ्यात हा अवधी याहूनही कमी असतो. तैलरंगांत एवढ्या वेळात नवशिक्याचे आकाशसुद्धा धड लागत नाही. म्हणून बाहेर जाऊन टिपणे आणायची आणि चित्र खोलीत सावकाश रंगवायचे, ही पद्धत मला आपल्या भागासाठी सर्वांत योग्य वाटते, आणि या लेखात मी तीच पायरीपायरीने सांगणार आहे.

खोलीत निसर्गचित्र रंगवणे कमी प्रतीचे आहे, असा एक समज शिकणाऱ्यांमध्ये आढळतो. तो खरा नाही. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) बाहेर लहान तैलचित्रे करून आणत असे आणि त्यांच्या आधारे मोठी चित्रे खोलीत पूर्ण करत असे. सहा फुटी चित्रांपैकी अनेकांसाठी तर त्याने आधी तेवढ्याच आकाराचे कच्चे तैलचित्र करून पाहिले. दाबून रंग काढता येईल अशी धातूची नळी जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये काढली. त्याआधी कालवलेला तैलरंग जनावराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत बांधून ठेवावा लागे, त्यामुळे मोठे काम घरात करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या सक्तीतून जी शिस्त तयार झाली, ती आपल्याला आजही उपयोगी आहे.

एक मत सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. शिकणाऱ्याचे निसर्गचित्र बहुधा रंगात चुकत नाही, टोनमध्ये चुकते. कोणता भाग किती उजळ आणि कोणता किती गडद, हे प्रमाण बरोबर असेल, तर झाडाचा हिरवा थोडा इकडे-तिकडे झाला तरी चित्र उभे राहते. ते प्रमाण चुकले, तर महागातल्या महाग रंगानेही ते सावरत नाही.

खोली आणि उजेड

चित्रासाठी वेगळी खोली मिळाली तर उत्तमच, पण ओसरीचा आडोशाचा कोपरा किंवा धान्याच्या खोलीतली एक भिंतही पुरते. उजेड शक्यतो उत्तरेच्या खिडकीतून घ्यावा, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. मात्र उत्तरेच्या उजेडाचा हा नियम थंड देशांतून आलेला आहे आणि आपल्याकडे तो वर्षभर तसाच लागू पडत नाही. अचलपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे या काळात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन आत येते. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर भरदुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे आणि मुख्य काम सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत करावे.

भिंतीच्या रंगाकडे अवश्य लक्ष द्यावे. आपल्याकडच्या घरांना गडद निळा, पोपटी किंवा गुलाबी रंग हौसेने दिलेला असतो, आणि खिडकीतला उजेड त्या भिंतीवर आपटून चित्रावर पडला, की पॅलेटवर, म्हणजे रंग कालवण्याच्या फळीवर, बरोबर दिसलेला करडा रंग अंगणात नेल्यावर भलताच निघतो. सगळी भिंत रंगवणे शक्य नसेल, तर चित्राच्या मागे आणि खिडकीसमोर राखाडी चादर टांगावी. संध्याकाळी काम करायचे असेल, तर ४००० ते ५००० केल्विनचा एलईडी दिवा घ्यावा आणि तो अशा उंचीवर लावावा की कॅनव्हास व पॅलेट या दोहोंवर सारखाच उजेड पडेल. पॅलेट अंधारात आणि कॅनव्हास उजेडात असेल, तर प्रत्येक रंग आपल्याला वाटतो त्यापेक्षा उजळ लागत जातो. लाईन गेल्यावर मोबाइलच्या उजेडात रंग जुळवू नये. तेवढ्या वेळात ब्रश धुवावेत.

टिनाच्या छपराखाली मे महिन्यात रंगवणे कठीण असते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टर्पेंटाइन भराभर उडून जाते आणि पॅलेटवरच्या रंगावर लवकर साय धरते. कवेलूची किंवा धाब्याची खोली असेल तर ती निवडावी. कूलर लावायला हरकत नाही, आणि समोरची खिडकी उघडी असल्याशिवाय कूलर नीट चालत नसल्यामुळे टर्पेंटाइनची वाफ बाहेर जायलाही त्याची मदतच होते. फक्त त्याचा झोत ओल्या चित्रावर येऊ देऊ नये, कारण ताट्यांतली धूळ आणि पाण्याचे तुषार थेट रंगावर बसतात.

साहित्य : थोडे, पण पारखून

रंगांच्या बारा किंवा अठरा नळ्यांची पेटी घेण्याऐवजी सुट्या सात-आठ नळ्या घ्याव्यात. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, ॲलिझरीन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक एवढ्या रंगांत वऱ्हाडातले बाराही महिने रंगवता येतात. पांढरा इतरांच्या दुपटी-तिपटीने लागतो, म्हणून त्याची नळी मोठी घ्यावी. तयार हिरवा जाणूनबुजून घेऊ नये. तो हाताशी असला की शिकणारा प्रत्येक झाडाला तोच लावतो, आणि बाभूळ, निंब, संत्र्याची बाग व तुरीचे वावर हे सगळे एकाच कापडातून कापल्यासारखे दिसू लागते.

ब्रश डुकराच्या राठ केसांचे, चपटे, २, ४, ६, ८ आणि १२ क्रमांकांचे असावेत. बारीक फांद्यांसाठी मऊ केसांचा एक गोल ब्रश पुरे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी घेतलेले जलरंगाचे मऊ ब्रश तैलरंगाच्या घट्टपणापुढे लुळे पडतात, म्हणून ते इथे वापरू नयेत. याखेरीज रंग कालवण्यासाठी एक पॅलेट नाइफ हवी. पॅलेट म्हणून काचेचा तुकडा घ्यावा आणि त्याखाली राखाडी कागद ठेवावा. काच पुसायला सोपी असते आणि करड्या तळावर रंगाचा टोन नीट कळतो.

तेलाबद्दल अधिक सविस्तर सांगणे भाग आहे, कारण गावात राहणाऱ्याची खरी चूक इथे होते. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बहुतांशी जवसाचे तेल. जवस आपल्याकडे पिकते, घाण्यावरचे तेल सहज मिळते, त्यामुळे तेच का वापरू नये, असा प्रश्न रास्त आहे. खाण्याच्या कच्च्या तेलात चिकट द्रव्ये आणि गाळ असतो, त्यामुळे ते अधिक काळवंडते आणि रंगाची सायही कमकुवत धरते. चित्रकारांसाठी शुद्ध केलेल्या तेलातून ही द्रव्ये काढलेली असतात, म्हणून तेच घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड तेल दारे-खिडक्यांसाठी असते, त्यात वाळवणारी रसायने घातलेली असतात आणि ते पिवळे पडते. टर्पेंटाइनचेही असेच आहे. हार्डवेअरमध्ये मिळणारे मिनरल टर्पेंटाइन ब्रश धुण्यासाठी चालते, पण चित्रात घालायला चित्रकारांसाठीचे शुद्ध टर्पेंटाइन वेगळ्या लहान बाटलीत ठेवावे. रॉकेल रंगात कधीही मिसळू नये. ते सावकाश उडते, मागे तेलकट अंश सोडते आणि थर नीट बसू देत नाही.

आता अशा एका गोष्टीबद्दल सांगतो, जिच्यात कोणतीही सूट घेऊ नये. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच कोंडते आणि बाहेरून ठिणगी न लागताही चिंध्या पेट घेऊ शकतात. आपल्या घरांत हंगामात कापूस खोलीभर साठवलेला असतो, गोठ्याशेजारी कुटार असते आणि उन्हाळा भट्टीसारखा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या धोक्याचे गांभीर्य कळेल. वापरलेल्या चिंध्या अंगणात मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. कापूस ठेवलेल्या खोलीत चित्र रंगवूच नये. वापरलेले टर्पेंटाइन बरणीत दोन दिवस ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो, आणि वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा ब्रश धुवायला घेता येते. गाळ नालीत, विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नये. रंगाच्या हातांनी खाणे आणि ब्रशची दांडी दातांत धरणेही कटाक्षाने टाळावे.

फलक तयार करणे

पहिल्या वर्षी ताणलेल्या कॅनव्हासवर खर्च करण्याची आवश्यकता नाही. ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डचे किंवा एमडीएफचे १० × १२ इंचांचे तुकडे सुताराकडून कापून घ्यावेत. उघड्या लाकडात किंवा कापडात तेल थेट मुरले, तर रंग कोरडा पडतो आणि कापडाचे धागेही कालांतराने कुजतात, म्हणून मध्ये अस्तर हवे. त्यासाठी ॲक्रिलिक जेसो या तयार पांढऱ्या अस्तराचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. पहिला हात आडवा, दुसरा उभा असा द्यावा आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. मागची बाजू आणि कडा यांनाही एक हात द्यावा, नाहीतर पावसाळ्यात बोर्ड ओल धरून फुगतो आणि वाकतो. भिंतीचा डिस्टेंपर जेसोऐवजी वापरण्याचा मोह होतो. तो भुसभुशीत असतो आणि त्यावरचा रंग पुढे पोपड्यांनी सुटतो.

अस्तर वाळल्यावर बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने सगळ्या फलकावर पुसून घ्यावा आणि दोन दिवस वाळू द्यावा. पांढऱ्या फलकावर कोणताही रंग गडद वाटतो आणि हात घाबरतो. मध्यम टोनच्या भगवट तळावर उजळ आणि गडद दोन्ही चटकन जोखता येतात. शिवाय हा तळ झाडांच्या फटींतून अधूनमधून दिसत राहिला, तर चित्राला आपल्या भागातली ऊब आपोआप येते.

टिपण : बाहेरून काय आणायचे

बाहेर जाताना एक वही, दोन पेन्सिली आणि पुठ्ठ्यात कापलेली लहान खिडकी एवढेच न्यावे. खिडकी ५ × ६ सेंटिमीटरची असावी, म्हणजे तिचे प्रमाण १० × १२ इंचांच्या फलकाशी जुळते. ती डोळ्यासमोर धरून जागा निवडावी आणि वहीत तळहाताएवढ्या आकाराची तीन-चार रेखाटने करावीत. एका रेखाटनाला दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

रेखाटनात पानाफांद्या काढू नयेत. डोळे अर्धवट मिटून पाहिले, की बारीकसारीक तपशील विरघळतो आणि चार-पाच मोठे आकार उरतात : आकाश, डोंगर, झाडांची फळी, वावर, पांदण. या प्रत्येक आकारात टोनचा आकडा लिहावा. सर्वांत उजळाला १ आणि सर्वांत गडदाला ५ असे धरावे. माझ्या वहीत त्या हिवाळी सकाळची नोंद अशी आहे : क्षितिजाजवळचे आकाश १, उन्हातली पांदण २, डोंगर अडीच, पायथ्याचे धुके दीड, कपाशी ३, बाभळीची उन्हातली बाजू साडेतीन, सावलीतली साडेचार, नांगरलेल्या पट्टीतल्या सावल्या ५. शेजारी वेळ, उन्हाची दिशा आणि रंगाबद्दलचे दोन-चार शब्द लिहिलेले आहेत. कॉन्स्टेबल आपल्या ढगांच्या अभ्यासांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहीत असे. त्याचे कारण खोलीत बसल्यावर समजते, कारण चार दिवसांनी आपली आठवण हळूहळू सगळ्याच गोष्टींना सुंदर करू लागते आणि तेव्हा वहीतला आकडाच खरे सांगतो.

मोबाइलचा फोटो अवश्य घ्यावा, पण तो फांदीचे वळण किंवा बैलगाडीच्या चाकाचे प्रमाण पाहण्यापुरता. कॅमेरा आपल्या उन्हात एक तर आकाश पांढरे करतो किंवा सावल्या काळ्या करतो. डोळ्याला त्याच सावलीत निळा, जांभळा आणि मातीचा परावर्तित तांबूसपणा दिसत असतो.

काळ्या मातीचा प्रश्न

निसर्गचित्रात टोनचा एक सर्वमान्य क्रम शिकवला जातो : आकाश सर्वांत उजळ, मग आडवी जमीन, मग डोंगरउतार आणि उभी झाडे सर्वांत गडद. प्रकाश आकाशातून येतो आणि आडव्या पृष्ठभागावर तो सर्वांत जास्त पडतो, हे त्याचे कारण आहे. हा क्रम गवताळ किंवा वालुकामय प्रदेशात बरोबर आहे. वऱ्हाडात मात्र त्याला काळी माती आडवी येते. पावसाने भिजलेले नांगरलेले वावर त्यातल्या झाडापेक्षाही गडद असते, आणि शिकणारा जर पाठ केलेल्या क्रमाने ते उजळ करून बसला, तर त्याचे चित्र दुसऱ्याच कोणत्या तरी मुलखाचे होते. याउलट चैत्र-वैशाखात धुळीने भरलेली पांदण आणि कापणी झालेली रिकामी वावरे इतकी उजळतात, की ती आकाशाच्या बरोबरीला येतात. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत पाणी उभे असते, तेव्हा जमीनच आकाश होते.

म्हणून प्रत्येक वेळी डोळे बारीक करून जमीन आणि झाड यांची तुलना नव्याने करावी. काळी मातीसुद्धा काळ्या रंगाने रंगवू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणात ॲलिझरीनचा थेंबभर अंश टाकला, की ओल्या मातीचा रंग मिळतो. तिच्यावर तिरपे ऊन पडले, तर ढेकळांच्या माथ्यावर त्यातच पांढरा व ऑकर मिसळून ऊबदार करडा लावावा. आयव्हरी ब्लॅक मी झाडांसाठी राखून ठेवतो. लेमन यलोमध्ये तो मिसळल्यावर जो मळकट हिरवा येतो, तो बाभळीसाठी फार जवळचा आहे.

रंगाआधी दोन रंगांत सराव

रंगीत चित्राला हात लावण्याआधी केवळ बर्न्ट अंबर आणि पांढरा वापरून ६ × ८ इंचांची निदान दहा चित्रे करावीत. हे ऐकून बहुतेक विद्यार्थ्यांचा चेहरा उतरतो, पण मी याबाबत आग्रही आहे. आधी एका पट्टीवर १ ते ५ टोनचे चौकोन रंगवून वाळवून ठेवावेत आणि ती पट्टी कायम पॅलेटजवळ असावी. मग वहीतल्या आकड्यांप्रमाणे प्रत्येक आकार त्या त्या टोनमध्ये सपाट भरावा.

जलरंगातून आलेल्यांना इथे सवय उलटी करावी लागते. जलरंगात कागद सोडून उजेड राखतात आणि उजळाकडून गडदाकडे जातात. तैलरंगात उजेड हा पांढऱ्याच्या वजनाने शेवटी ठेवायचा असतो, म्हणून गडद भाग आधी पातळ लावतात आणि उजळ भाग नंतर जाड. सात-आठ चित्रांनंतर हात याला सरावतो.

चित्र उभारणे

मोठ्या चित्रासाठी वहीतल्या निवडलेल्या रेखाटनावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन आखावेत आणि फलकावर खडूने तेवढेच मोठे चौकोन आखून आकार उतरवावेत. क्षितिजरेषा बरोबर मधोमध ठेवू नये. आपला प्रदेश सपाट असल्यामुळे ती खाली, खालच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ ठेवून आकाशाला जागा देणे बहुधा चांगले ठरते. पांदण कडेच्या कोपऱ्यातून थेट आत जाऊ देऊ नये, थोडे अंतर सोडून आत वळवावी.

पहिला थर बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावायचा असतो. त्यात तेल अजिबात घालू नये. गडद आकार ब्रशने मांडावेत, उजळ जागा चिंधीने पुसून काढाव्यात आणि चित्र भिंतीशी टेकवून दहा पावले मागे जाऊन पाहावे. या टप्प्याला रचना चुकलेली दिसली, तर पाच मिनिटांत पुसता येते. तीच चूक पुढे पाच दिवस घेते. हा थर दोन-तीन दिवसांत वाळतो, कारण अंबरमधले मँगनीज तेलाला लवकर वाळवते.

दुसऱ्या थरात एक भाग तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन अशा मिश्रणाने सगळे आकार त्यांच्या सरासरी रंगाने झाकावेत. क्षितिजाजवळचे आकाश पांढऱ्यात किंचित ऑकर घालून, आणि वर जाताना पांढऱ्यात अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाचा लेश घालून रंगवावे. डोंगरासाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा, त्यात ॲलिझरीनचा अंश घ्यावा. लांबचा डोंगर निळा दिसतो, कारण मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि डोंगराच्या गडदपणावर तो पडद्यासारखा पसरतो. हिवाळी सकाळी धुके खाली साचते, म्हणून डोंगराचा पायथा त्याच्या माथ्यापेक्षा उजळ ठेवावा. ही एक गोष्ट साधली, की चित्रात मैलभर हवा शिरते. वैशाखात मात्र तीच हवा धुळीने भगवट असते, तेव्हा निळा आवरता घ्यावा आणि ऑकर वाढवावा.

डिसेंबरमधली कपाशी हिरवीगार नसते. लाल्याने तांबूस झालेली पाने, उघडी पडू लागलेली पऱ्हाटी आणि फुटलेली बोंडे मिळून एक मळकट तपकिरी-हिरवा पट्टा होतो. तो आधी सलग रंगवावा. बोंडे शेवटी, आणि तीही पुढच्या दोन-तीन ओळींतच द्यावीत. मागच्या ओळींत ती एकमेकांत मिसळून केवळ थोडा उजळ पट्टा दिसतात. सावलीतले बोंड निळसर करडे असते. कोरा पांढरा उन्हातल्या चार-पाच बोंडांपुरता राखला, तर ती चमकतात. सगळीकडे वापरला, तर वावरात खडूचे ठिपके पडल्यासारखे वाटते.

झाडे रंगवताना आधी सावलीचा सगळा आकार एका गडद रंगाने ठेवावा, मग उन्हाच्या बाजूचे पुंजके, आणि शेवटी आकाशाच्या फटी. बाभळीचा माथा विरळ व आडवा पसरलेला असतो, निंबाचा भरगच्च व गोलसर असतो, आणि हा फरक बाह्यरेषेतच दिसला पाहिजे. फटीतले आकाश मोकळ्या आकाशापेक्षा थोडे गडद घ्यावे, नाहीतर झाडाला दिवे लावल्यासारखे दिसते.

थर वाळू देण्याचा धीर

दुसरा थर वाळायला मातीच्या रंगांना तीन-चार दिवस, तर टायटॅनियम व्हाइट आणि ॲलिझरीनला आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. पावसाळ्यात हा काळ आणखी लांबतो. तिसऱ्या थरासाठी तेल व टर्पेंटाइन समप्रमाणात घ्यावे. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा नियम कशासाठी आहे, ते मला एका चित्राने शिकवले. तलावाच्या त्या चित्रात मी पांढऱ्याचा जाड, तेलकट थर अर्धवट ओला असतानाच वरून अंबरचा पातळ, टर्पेंटाइनचा हात दिला होता. अंबर दोन दिवसांत कडक झाला, खालचा पांढरा महिनाभर हलत राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याच्या जागी सुकलेल्या बोडीच्या तळासारख्या भेगा पडल्या. त्या भेगांवर उपाय नसतो.

तिसऱ्या थरात पुढचा भाग आणि उजेड यांवर काम करावे. डोंगराच्या कडा आकाशात मऊ मिसळू द्याव्यात, त्यासाठी कोरडा ब्रश कडेवरून एकदाच हलकेच फिरवावा. जवळच्या बाभळीची एखादी कडा तीक्ष्ण ठेवावी. पाहणाऱ्याची नजर सर्वांत तीक्ष्ण कडेकडे आणि उजेड-अंधाराच्या सर्वांत मोठ्या फरकाकडे जाते, म्हणून अशी जागा चित्रात एकच असावी. दररोजचे काम संपण्याआधी चित्र आरशात उलटे पाहावे. झुकलेले खोड आणि वाकडे क्षितिज त्यात लगेच उघडे पडते.

काही भाग वाळल्यावर निस्तेज, मेल्यासारखे दिसतात, विशेषतः अंबर लावलेले. त्यांवर लगेच नवा रंग चढवू नये. तेल-टर्पेंटाइनच्या मिश्रणाचा अगदी पातळ हात बोटाने चोळून जादा तेल स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. रंग पुन्हा ओल्यासारखा उजळतो, आणि मगच तिथे खरोखर दुरुस्ती हवी आहे की नाही, ते ठरवता येते.

पुढची काळजी

ओले चित्र बंद पेटीत ठेवू नये. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. पुढे काही दिवस उजेडात ठेवल्यास हा पिवळेपणा बराचसा निघून जातो, तरी उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर ते वाळू देणे उत्तम. फलक जमिनीवर टेकवून ठेवू नयेत, उधई लाकडाला आतून पोखरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. भिंत आणि चित्र यांच्यामध्ये बुचाचे किंवा लाकडाचे लहान तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, नाहीतर श्रावणात मागून बुरशी येते. चुलीच्या धुराच्या वाटेवर चित्र टांगू नये. वॉर्निश सहा महिन्यांच्या आत देऊ नये आणि थर जाड असतील, तर वर्षभर थांबावे. ते देताना दिवस कोरडा असावा, चित्र आडवे ठेवावे आणि त्या सकाळी खोली झाडू नये.

चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्या मागे पेन्सिलीने जागा, तारीख, सकाळची वेळ, वापरलेले रंग आणि प्रत्येक थरातले तेलाचे प्रमाण लिहून ठेवावे, आणि वहीतल्या त्या पानाची नक्कल पाकिटात घालून चिकटवावी. फाल्गुनात त्याच पांदणीवर पुन्हा जावे. तोवर पऱ्हाटी उपटलेली असेल, धुऱ्यावरचा पळस फुललेला असेल आणि डोंगराचा निळा जवळजवळ नाहीसा झालेला असेल. त्या वेळी वहीत टोनचे आकडे नव्याने लिहावेत, आधीच्या पानाकडे न पाहता.